रुग्णालयातील चहाचे मशीन : सफाईची जबाबदारी कोणाची?

रुग्णालयात रात्र काढणाऱ्या नातेवाइकांची सोय म्हणून आता ठिकठिकाणी चहा-कॉफीची मशीन बसविली जात आहेत. थोड्या भांडवलात, दुकानाच्या पागडीशिवाय होणारा हा धंदा असल्याने आपले तरुणही त्याची चौकशी करतात. आम्ही कपड्याचे व्यापारी. चहाचा धंदा आमचा नव्हे, पण मशीन आणि गिऱ्हाईक या दोहोंशी आमचा रोजचा संबंध आहे. म्हणून दोन शब्द लिहीत आहोत.

ताग्यात खोट निघाली तर गिऱ्हाईक माल परत आणतो आणि आम्ही तो बदलून देतो. पोटात गेलेला चहा परत घेता येत नाही. त्यातही रुग्णालयात तो कोण पितो? डायलिसिसचा पेशंट, कॅन्सरचे औषध चालू असलेला इसम, नुकतीच बाळंत झालेली बाई. चांगल्या माणसाला जे पचून जाते, ते अशांच्या जिवावर बेतू शकते.

मशीन बाहेरून चकाचक दिसते. घाण असते ती आत. दुधाची पावडर वाफेने ओली होऊन मिक्सिंगच्या वाटीत, नळीत आणि तोटीत चिकटते. ऊब, ओल आणि दूध एकत्र आले की जंतूंना आणखी काय हवे? काही जंतूंचे बीज तर उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. मशीनच्या मागे झुरळांना उबदार जागा मिळते, ती वेगळीच.

उपाय कठीण नाहीत. वाटी, नळी, तोटी व खालचा ट्रे रोज काढून गरम पाण्याने धुवावा. पावडरचा डबा रिकामा करून, धुऊन, पूर्ण कोरडा झाल्यावरच भरावा. जुन्या पावडरवर नवी ओतू नये, आधी आलेला माल आधी संपवावा. पाणी पिण्यालायक असावे, फिल्टर मुदतीत बदलावा आणि बॉयलरमधील क्षार कंपनीने सांगितलेल्या वेळी काढावा. रुग्णालयात बटणांना शेकडो हात लागतात, ती दिवसातून अनेक वेळा पुसावीत.

आता कायद्याचे पाहू. 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन 5 ऑगस्ट 2011 पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 लागू झाला. या कायद्याच्या नजरेत नफ्यासाठी असो वा नसो, सरकारी असो वा खाजगी, अन्न देणारा तो अन्न व्यावसायिकच. माणसाऐवजी मशीनने कप भरला म्हणून सुटका नाही. लहान धंद्याला नोंदणी, मोठ्याला परवाना लागतो. 14 अंकी क्रमांक ग्राहकाला दिसेल असा लावावा. 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावरही हवा. सफाईचे नियम शेड्यूल 4 मध्ये आहेत. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही त्यातच येते. अस्वच्छतेबद्दल कलम 56 खाली 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सुधारणेची नोटीस देऊनही ऐकले नाही तर परवाना निलंबित होतो, पुढे रद्दही होतो.

मग गाडे अडते कुठे? आमच्या मते ठेक्यात. रुग्णालय जास्तीत जास्त भाडे देणाऱ्याला जागा देते. ठेकेदार भाडे वाढवून बोली लावतो आणि मग खर्च कापायला बसतो. पहिली कात्री लागते ती सफाईच्या माणसाला. तक्रार आली की रुग्णालय ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार पावडर पुरवणाऱ्याकडे, आणि मशीन तसेच चालू राहते.

म्हणून या धंद्यात येणाऱ्या बांधवांना आमची सूचना आहे की, बोली लावण्यापूर्वी सफाईचा खर्च मांडावा. तो धरून परवडत नसेल तर ठेका सोडून द्यावा. करारात पाणी कोण देणार, सफाई कोण करणार, कधी करणार हे लिहून घ्यावे. मशीनजवळ एक वही ठेवावी आणि तारीख, वेळ, सफाई करणाऱ्याची सही तिच्यात रोज यावी. वही खरी असेल तर तपासणीला आलेल्या साहेबांपुढे हात जोडण्याची वेळ येत नाही. खोट्या सह्या मारलेली वही मात्र नसलेली बरी.

रुग्णालयांनीही केवळ भाडे पाहून जागा देऊ नये. भाडे थोडे कमी घ्यावे, पण सफाईची अट कडक ठेवावी आणि आठवड्यातून एकदा आपला माणूस पाठवून मशीन उघडून पाहावे.

पेशंटच्या उशाशी बसलेला माणूस मशीन उघडून पाहत नाही. तो पैसे टाकतो आणि विश्वासाने कप तोंडाला लावतो. हा विश्वास म्हणजे त्याची आपल्याकडील अमानत आहे. ती सांभाळता येत असेल तरच या धंद्यात पडावे.