ट्रॉली जाते, दगड राहतात

कारखान्यांचे बॉयलर पेटले की सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या रस्त्यांचे रूप पालटते. यशवंतनगर, रेठरे बुद्रुक, साखराळे, वाळवा, कुंडल, कुठल्याही कारखान्याची वाट धरा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि टायरच्या बैलगाड्या यांची रांग हटत नाही. एवढ्या वाहनांत रोज कुठे ना कुठे टायर बसणार, पिन तुटणार, एक्सल मोडणार. त्यात नवल नाही आणि गुन्हाही नाही. नवल याचे की वाहन रस्त्यात बंद पडल्यावर काय करायचे, हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवीत नाही. लायसन काढताना इंग्रजी आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो. स्टेपनी बदलून दाखव, असे कोणी म्हणत नाही.

माणसे मरतात ती बहुधा पंक्चरने नव्हे, तर पंक्चरनंतरच्या तासा-दोन तासांत. ट्रॉली अर्धी डांबरावर, अर्धी खाली. मागचा दिवा उसाच्या टोकांनी झाकलेला. तिच्यामागे दहा-पंधरा फुटांवर चार दगड आणि बाभळीची एक फांदी, एवढाच काय तो बंदोबस्त. ताशी ५० किलोमीटरने येणारी मोटारसायकल सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. समोरच्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपलेल्या त्या पोराला दगड दिसेस्तोवर तो ट्रॉलीत शिरलेला असतो. म्हणून इशारा हवा तो मागे निदान ७० पावलांवर, हमरस्त्यावर त्याच्या दुप्पट आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. त्यासाठी उजेडात चमकणारा लाल त्रिकोण मिळतो. त्याला बॅटरी लागत नाही आणि तो सीटमागे मावतो. तो नसेल तर खताचे पांढरे पोते काठीला बांधून रोवावे आणि बॅटरी घेतलेला माणूस साइडपट्टीच्याही बाहेर उभा करावा. पाचटाची शेकोटी पेटवून इशारा देणे मात्र नको. शेजारी डिझेल आणि वाळलेला ऊस असतो.

आणि ते दगड! काम झाले की ड्रायव्हर निघून जातो, दगड तिथेच. इशाऱ्याचे दगड आणि चाकाला लावलेले दगड, दोन्ही. ट्रॉली बाजूला झाली तरी धोका रस्त्यावर पडून राहतो आणि रात्री त्यावरून भलताच कोणी आपटतो. दगडाऐवजी लाकडाचे दोन तिकोनी ठोकळे दोरीने ट्रॉलीलाच बांधून ठेवले तर ते विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाहीत. गावच्या सुताराला अर्ध्या तासाचे काम.

गाडी डांबराच्या खाली घ्या, असे सांगणे सोपे आहे. घ्यायची कुठे? यात दोष एकट्या ड्रायव्हरचा नाही. कित्येक ठिकाणी बांध सरकत सरकत साइडपट्टीवर आला आहे. कुठे पाइपलाइनसाठी चर खणला आणि माती नुसती लोटून दिली. वरून कठीण दिसते, पण भरल्या ट्रॉलीचे चाक गेले की भसकन खाली. मग ट्रॉली कलंडण्यापेक्षा डांबरावर उभी केलेली बरी, असे ड्रायव्हरला वाटले तर त्याला काय बोलणार? हा हिशेब शेतकरी बंधूंनी मनाशी करावा. त्या रस्त्याने रात्री परतणारी पोरे आपल्याच गावची असतात.

टायर बदलताना पहिली चूक होते ती जॅक लावण्याआधीच. नट आधी सैल करावेत, चाक जमिनीवर असतानाच. उचललेल्या चाकावर जोर लावला की गाडी जॅकवरून घसरते. जॅकखाली रुंद जाड फळी हवी, नाहीतर तो मऊ मातीत बुडतो. भरलेल्या ट्रॉलीचा भार एकट्या जॅकवर कधीच सोडू नये. एक्सलखाली लाकडाचे ठोकळे रचावेत आणि ट्रॉली एका अंगाला झुकली असेल तर आधी त्या बाजूच्या मोळ्या उतराव्यात. टोळीला त्रास होतो, मुकादम कुरकुरतो, पण दुसरा उपाय नाही. काढलेले चाक आडवे करून सांगाड्याखाली सरकवावे. जॅक सुटलाच तर गाडी माणसावर न येता त्यावर बसते. नट आवळायचे ते समोरासमोरचे, ओळीने नव्हेत. रिंग-लॉकच्या चाकात हवा भरताना तोंडासमोर कोणी बसू नये. रिंग सुटली तर ती माणूस उरू देत नाही.

खरा घोटाळा टोचनचा. ट्रॅक्टर सगळे ओढतो, ही आपली समजूत. पण साखळी ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलला किंवा वरच्या लिंकेला बांधून नेट लावला, तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो. हे इतक्या झटक्यात होते की क्लच दाबायलाही सवड मिळत नाही. साखळी खाली ड्रॉबारलाच बांधायची, ढिली ठेवून हिसका द्यायचा नाही आणि ओढताना तिच्या आसपास कोणी उभे राहायचे नाही. तुटलेला वायररोप चाबकासारखा येतो. टोचनची पद्धत कायद्यानेही ठरवून दिली आहे. मागच्या वाहनात लायसनवाला माणूस स्टिअरिंगवर हवा, दोन वाहनांतले अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको आणि मागे टोचनची पाटी हवी. दोरीच्या मध्यावर पांढरे फडके बांधावे, नाहीतर मधून मोटारसायकल घालणारा कोणीतरी असतोच. वेग बैलगाडीपेक्षा थोडा जास्त, एवढाच. जीप-मोटारीचे इंजिन बंद असले की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड जाते. किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉकच होते. हे मागे बसणाऱ्याला आधी सांगावे. हवेच्या ब्रेकचा ट्रक तर हवा नसेल तर हलणारच नाही, उगाच हिसके देऊ नयेत.

उतारावर दोरीने टोचन करू नये. पसरणी, कुंभार्ली, खंबाटकी या घाटांत तर मुळीच नाही. मागची गाडी पुढचीवर धावून येते आणि दोरी तिला रोखू शकत नाही. तिथे लोखंडी दांडा किंवा क्रेन, नाहीतर वाट पाहणे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. हे तीन आकडे ट्रॉलीच्या फळीवर नावाच्या शेजारी रंगवून घ्यावेत. नाव मोठे असतेच, आकडेही मोठे काढावेत.

जखमीला हात लावला तर पोलीस स्टेशनची पायरी चढावी लागेल, ही भीती अजून गावोगाव आहे. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये यासाठीचे नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पक्के केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्यातच आले. नाव सांगण्याचीसुद्धा सक्ती नाही. पोलीस पाटलांनी हे चावडीवर सांगितले तर लोकांना ते कागदापेक्षा लवकर पटेल. त्याच कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे धोका होईल असे वाहन रस्त्यात सोडून जाता येत नाही, आणि कलम १२७ प्रमाणे पोलीस ते हलवून खर्च मालकाकडून घेऊ शकतात, हेही त्याच बैठकीत सांगावे.

राहिले कारखाने. मोळी टाकण्याच्या वेळी चमकत्या पट्ट्या लावण्याचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात. डिसेंबरात त्याच पट्ट्यांवर चिखलाचा थर असतो. गव्हाणीकडे वळण्याआधी, वजनकाट्यावर, एका माणसाने ओल्या फडक्याने पट्टी पुसली आणि दिवा लागतो का ते पाहिले, तर खर्च एका बादलीचा. ऊस ज्याचा, त्याने ट्रॉली बंद पडल्यावर ती हलवायला माणूस आणि क्रेन पाठवावी, असे करारातच लिहून घ्यायला हरकत नाही. वाहतूकदाराला बिल कापायला कारखान्याला वेळ लागत नाही, मग क्रेनला का लागावा?

ग्रामपंचायतींना हे सगळे हंगामाच्या तोंडावर करता येते. अनेक गावांत २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते, पहिली ट्रॉली त्यानंतर निघते. कोणत्या वळणावर साइडपट्टी खचली आहे, कोणाचा चर उघडा आहे आणि कुठे चार ब्रास मुरूम टाकला की ट्रॉली खाली उतरू शकेल, एवढी यादी सरपंच आणि ग्रामसेवकांनी तेव्हा करून बांधकाम खात्याला लेखी द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.