समुद्रशेवाळाचे मोल कोणाच्या पदरात?

घरोघरी ‘चायना ग्रास’ या नावाने दुधात शिजवले जाणारे अगर हा समुद्रशेवाळाचा अर्क आहे, हे खाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. कापडछपाईचा रंग फाकू न देणारे आणि दातांचा ठसा घेण्यास उपयोगी पडणारे अल्जिनेट, चॉकलेटच्या दुधात कोकोचा गाळ खाली बसू न देणारे कॅराजीनन, ही त्याच कुळातील भावंडे. अगराची थोरवी तर विज्ञानानेही मानली आहे. जंतू वाढविण्यासाठी वापरले जाणारे जिलेटिन उबेने वितळे, कित्येक जंतू ते फस्तही करीत. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतील ही अडचण १८८१-८२ च्या सुमारास फॅनी हेस यांच्या स्वयंपाकघरातील अनुभवाने सुटली.

भारतात या अगराचा कच्चा माल मुख्यतः मन्नारच्या आखातातून येतो. तेथे रामनाथपुरम जिल्ह्यातील कोळी स्त्रिया बोटांना चिंध्या गुंडाळून, श्वास कोंडून बुड्या मारतात आणि खडकावरील शेवाळ हातांनी खुडतात. महिन्यातून बाराच दिवस खुडणी करण्याचे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले. असे असूनही १९८६ मध्ये येथील एकवीस बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान झाल्यापासून पिढीजात जागी जाणाऱ्या या स्त्रियांनाच घुसखोर ठरविले जाते. निसर्गरक्षणाचा हा अर्थ अजबच म्हणावा लागेल.

दुसरीकडे, कॅराजीननसाठी मूळच्या फिलिपिन्समधील कॅपाफायकस या शेवाळाच्या तराफ्यांवरील लागवडीस उत्तेजन देण्यात आले. तिने अनेक कुटुंबांना रोजगार दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु कुरुसडै बेटाजवळ हेच शेवाळ जिवंत प्रवाळावर पसरल्याचे संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. परका पाहुणा उद्यानात मोकळा आणि घरची माणसे बाहेर, असा हा न्याय!

केंद्र सरकारने २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद केली. २०२३ मध्ये रामनाथपुरम जिल्ह्यातच १२७ कोटींच्या शेवाळ उद्यानाची पायाभरणी झाली. पैसा आला, ही गोष्ट चांगलीच. पण वाळलेले शेवाळ किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर पडते तेथे त्याचा भाव ठरतो, आणि खरी किंमत वाढते ती पुढे कारखान्यात. खुडणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थेला या नव्या कारखान्यांत भागीदारी, खरेदीचा किमान दर आणि ठरावीक हंगामात बेटांलगत जाण्याचा लेखी परवाना, एवढे तरी सरकारने पहिल्या तराफ्याला अनुदान देण्याआधी मान्य करावयास हवे.