देहासह तारण

ख्रिस्ती मंडळ्यांत असा एक पक्ष बळावला आहे की, तारण पावलेल्या माणसाचा रोग हा त्याच्या विश्वासातील उणिवेचा दाखला होय, आणि प्रार्थनेनंतरही जो औषधाची बाटली उशाशी ठेवतो त्याने क्रुसावरील कार्यावर पुरता भरवसा टाकलेलाच नाही. हा पूर्वपक्ष मान्य करावयाचा तर १८१८ साली मुंबईस उतरलेले अमेरिकन मिशनरी ॲलन ग्रेव्ह्ज यांना अविश्वासूंच्या यादीत घालावे लागेल. कारण मराठी बायबलाच्या कामी राबलेले हे गृहस्थ प्रकृती ढासळल्यावर, १८२९ च्या तहान्वये छत्रपती प्रतापसिंहांनी खंडाळे गावाच्या मोबदल्यात इंग्रजांस दिलेल्या महाबळेश्वरच्या डोंगरावर, हवापालटासाठी येऊन राहिले आणि १८४३ मध्ये तेथेच मालकमपेठेत वारले. असा फैसला लिहिण्यास ज्यांची लेखणी धजते त्यांनी प्रथम प्रेषित पौलाचा निकाल लावावा! त्याच्या शरीरातील काटा तीनदा विनवूनही निघाला नाही, तीमथ्याला त्याने पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, आणि त्रफिमाला तर मिलेतात आजारी ठेवूनच तो पुढे गेला. जन्मांध माणसाविषयी पाप कोणाचे, असे शिष्यांनी पुसले तेव्हा प्रभूने तो हिशेबच नामंजूर केला होता. कर्मविपाकावर व्याख्याने झोडणारे आमचे उपदेशक तोच हिशेब मागल्या दाराने घरात घेतात, ही मौज काही औरच.

पवित्रीकरणाविषयीही हीच घाई दिसते: एका रात्री अंतःकरण पेटले की माणूस परिपूर्ण झाला! पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा; परंतु ख्रिस्ती धर्म हाती आला तरी ख्रिस्त गवसण्यास पुढे कित्येक वर्षे लोटली, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली आत्मिक जागृतीचा लोट आला, त्याची वर्णने सांगताना या पक्षाला भरते येते. मात्र ज्या बहिरेपणामुळे रमाबाईंना विलायतेत वैद्यकाचे शिक्षण घेता आले नाही, ते त्या जागृतीनंतरही गेले नाही, हे सांगावयाचे तो सोयीस्करपणे विसरतो. त्यांच्या पवित्रतेत त्यामुळे काय न्यून आले?

याचा अर्थ देह ही तुच्छ बाब असून तारण केवळ आत्म्याचे, असाही नव्हे. तसे असते तर पुनरुत्थानाचा सिद्धांत निरर्थक ठरता, आणि विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस इस्पितळ उघडले तेही एक आमिषच ठरते, जसे बाहेरचे टीकाकार आजही म्हणतात. आमचे म्हणणे असे की, शस्त्रक्रियेच्या मेजावर मोतीबिंदू काढणारा हात आणि प्रार्थनेसाठी जोडलेला हात यांची फारकत शुभवर्तमानात कोठेच नाही. लूक स्वतः वैद्य होता, आणि याकोबाने आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांस बोलावण्यास सांगितले ते त्याला एकटे टाकू नये म्हणूनही. दहा कुष्ठरोग्यांस प्रभूने याजकाकडे धाडले, कारण याजकाच्या निर्वाळ्याशिवाय त्यांना घर आणि गाव परत मिळणे शक्य नव्हते. तेव्हा रोग औषधाने हटल्यावरही ज्याला प्रभुभोजनाच्या वेळी शेवटच्या बाकावर बसविले जाते, त्याचे आरोग्य अपुरे राहिले असेल, तर त्याचा जाब त्याच्या विश्वासाला नव्हे, त्या मंडळीला विचारला पाहिजे.