आईला औषध, बाळाला जिवाणू

बाळंतकळा सुरू झालेल्या स्त्रीला ॲझिथ्रोमायसिनचा दोन ग्रॅमचा एकच डोस दिला तर काय होते? हा प्रश्न घेऊन सात देशांत मोठी चाचणी झाली. भारतातील तिची दोन केंद्रे होती, बेळगाव आणि आपले नागपूर. नागपूरचे काम लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनने पाहिले. नैसर्गिक प्रसूती अपेक्षित असलेल्या २९,२७८ स्त्रियांचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. औषध मिळालेल्या मातांमध्ये सेप्सिस किंवा मृत्यूचे प्रमाण १.६ टक्के, न मिळालेल्यांमध्ये २.४ टक्के. स्वस्तातल्या एका डोसने एवढे साधले. नवजात बाळांना मात्र त्याचा काहीच फायदा दिसला नाही.

बाळांच्या बाबतीत यश आले ते वेगळ्याच वाटेने. ओडिशातील खेड्यांत ४,५५६ नवजातांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये ‘नेचर’ने छापली. तिथे बाळांना चक्क जिवंत जिवाणू पाजले गेले. लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक विशिष्ट वाण आणि त्याला खाद्य म्हणून बाळाला न पचणारी एक साखर, तेही फक्त सात दिवस. पहिल्या दोन महिन्यांत सेप्सिस किंवा मृत्यूचे प्रमाण नुसती पुडी मिळालेल्या बाळांमध्ये ९ टक्के होते, जिवाणू मिळालेल्यांमध्ये ५.४ टक्के. श्वसनमार्गाचे संसर्गही घटले. दोन्ही चाचण्यांचे प्रश्न वेगळे, त्यामुळे त्यांची थेट तुलना करू नये. पण जिवाणू गेले पोटात आणि जपली गेली फुप्फुसे, हे कसे?

आतड्याचे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचे असते. त्याच्या अलीकडे अब्जावधी जिवाणू, पलीकडे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींची सर्वांत मोठी छावणी. कोणावर तुटून पडायचे आणि कोणाला सोडून द्यायचे, याची तालीम या पेशींना तिथेच मिळते. आपल्याला न पचणारा चोथा खाऊन जिवाणू ब्युटिरेट तयार करतात. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या ‘नियामक टी पेशी’ वाढायला त्याची मदत होते. याच पेशींच्या शोधाला २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. आईच्या दुधातही बाळाला मुळीच न पचणाऱ्या शर्करा असतात. त्या असतात बाळाच्या पोटातल्या जिवाणूंसाठी. घरोघरी आजही जन्मल्याबरोबर बाळाला मध चाटवतात, गुळाचे पाणी देतात आणि पहिला चीक लांबणीवर पडतो. आजींचा मान राखूनही हे थांबवायला हवे.

आता पुन्हा ॲझिथ्रोमायसिनकडे. प्रसूतिगृहात जीव वाचवणारे हेच औषध पावसाळा लागला की औषधाच्या दुकानात ‘घशासाठी तीन गोळ्या’ म्हणून मिळते. २०१९ मध्ये भारताच्या खासगी बाजारात सर्वाधिक खपलेले अँटिबायोटिक ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी हेच होते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पाकिटावरची उभी लाल रेघ त्यासाठीच असते, पण ती कोण पाहतो? सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर ही गोळी चालतच नाही. ती चालते आतड्यातल्या जिवाणूंवर. फिनलंडमधील २ ते ७ वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात या गटातली औषधे घेतलेल्या मुलांच्या आतड्यातील जिवाणूंची घडी दीर्घकाळ विस्कटलेली आढळली. पुढे दमा होण्याशीही त्याचा संबंध दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे खरे. तरी ज्या गोळीची गरजच नाही, तिच्यासाठी मुलाच्या बाबतीत एवढीही जोखीम का घ्यावी? दुकानदाराने चिठ्ठी मागावी, अन्न व औषध प्रशासनाने ती मागितली जाते का हे तपासावे, आणि डॉक्टर ‘नुसता विषाणू आहे, तीन दिवस थांबा’ म्हणाले तर आपण दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढू नये.

‘सोबत प्रोबायोटिक घेतो ना,’ असे अनेकजण सांगतात. त्याने औषधामुळे होणारे जुलाब काहींमध्ये कमी होतात. पण ओडिशात वापरलेला वाण आणि तुमच्या हातातले पाकीट एकच असेल असे नाही. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यात मूळचे जिवाणू परतायला उलट उशीर झाला.

त्या जिवाणूंना खाद्य हवे आणि ते आपल्याकडे महाग नाही. ज्वारीची भाकर, तुरीची डाळ, सालासकट हरभरा. सोयाबीन आणि कापसापुढे विदर्भातली ज्वारी मागे सरली आणि ताटातूनही गेली, ही गोष्ट शेतीइतकीच पोटाचीही आहे. आणि एवढ्या संत्र्यांच्या गावात आपण रस काढून चोथा टाकून देतो! फोडी पांढऱ्या शिरांसकट खाल्ल्या तर त्यातले पेक्टिन थेट मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते.