घरांतील कासव

मोठ्या नातवानें परवां मुठींत मावेल एवढें कासव आणलें. “मांजरासारखे यास केस नाहींत, धाकट्यास धाप लागणार नाहीं,” हा त्याचा युक्तिवाद, आणि कूर्मावतार म्हणून त्याच्या आजीची संमति! युक्तिवाद खोटा नव्हे, अपुरा आहे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्याही आंतड्यांत साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. विष्ठेवाटे ते पाण्यांत व कवचावर येतात आणि तेथून मुलाच्या हातानें तोंडांत जातात. पांच वर्षांखालील मुलांस त्यांपासून होणारा ज्वरातिसार विशेष घातक. म्हणूनच अमेरिकेनें १९७५ सालीं चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची पाळण्यासाठीं विक्री बंद केली. आमचा धाकटा तीन वर्षांचा. कासव दुकानीं परत गेलें. मोठा रुसला आहे. वाचकहो, रुसवा चार दिवसांत निवतो.