लाइन कधी येणार?

जानेवारीतली रात्र. वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या रिठदला काकांच्या शेतात मी मफलर गुंडाळून बसलेय. 12 वाजून 10 मिनिटं. पुण्यात ही वेळ कॅफेतून हाकललं जायची, इथे हरभऱ्याला पाणी द्यायची. लाइन आली तर! वेळापत्रकात 12 लिहिलंय. गेल्या वर्षी याच बांधावर काकांच्या पायाजवळून साप गेला होता, पण पाणी रात्रीच द्यावं लागतं.

टाइमपास म्हणून वर बघितलं. कर्क रास अगदी डोक्यावर. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण तिथेच ओजे 287 आहे. 350 कोटी प्रकाशवर्षं लांबची दीर्घिका, जातीची ब्लेझार. म्हणजे मधोमध राक्षसी कृष्णविवर, तिथून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुटलेला झोत, आणि तो नेमका आपल्या दिशेने. काका बॅटरी थेट डोळ्यांवर मारतात ना, तस्साच. झोतात जरा खळबळ झाली, की तेज डिम-फुल. कधी काही दिवसांत, कधी तासांत. जुलै 2006मध्ये पीकेएस 2155-304 या ब्लेझारची गॅमा किरणांमधली चमक 200 सेकंदांच्या आसपास दुप्पट झाली होती! आख्खी दीर्घिका एवढ्यात चमकूच शकत नाही. तिच्या एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला न्यायला प्रकाशालाच हजारो वर्षं लागतात. म्हणजे भडकणारी जागा त्यामानाने इवलीशी.

ओजे 287चं प्रकरण आणखी सॉलिड. साधारण दर 12 वर्षांनी दोन मोठे भडके. एक अंदाज असा, की तिथे दोन कृष्णविवरं आहेत आणि धाकटं थोरल्याभोवतीच्या वायूच्या तबकडीतून आरपार घुसतं. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये तेव्हा पीएचडी करणाऱ्या लंकेश्वर डे आणि सहकाऱ्यांनी यावरून पुढच्या भडक्याची वेळ काढली. 31 जुलै 2019ला स्पिट्झर दुर्बिणीने बघितलं, तर फरक 4 तासांच्या आत!

काका ऐकून जरा गप्प. मग म्हणाले, "अन् आपली लाइन?"

मग मी उरलेलंही सांगितलं. ऑक्टोबर 2022मध्ये अपेक्षित असलेला भडका दिसलाच नाही. काही जण म्हणतात, थोरलं कृष्णविवर 1800 कोटी सूर्यांएवढं नाही, 10 कोटींएवढंच असेल. दुसऱ्या गटाला ते मान्य नाही. वाद संपलेला नाही.

"म्हंजे त्यायचंबी हुकते," काका एकदम खूश.

2 वाजून 20 मिनिटांनी मोटर घरघरली. काका बॅटरी घेऊन उठले. बराच वेळ अंधारात मला नुसता एक मिणमिणता ठिपका दिसत होता. पाणी पोचलं का बघून ते माझ्याकडे वळले, आणि डोळे दिपले.