खेळाच्या दारातली झडती

कोणीतरी दुसरे होऊन काही काळ जगून पाहावे, ही माणसाची फार जुनी हौस आहे. आजच्या तरुणांनी ती इंटरनेटवर नेली. कोणी जीटीए फाइव्ह या व्हिडिओ गेमच्या नकली शहरात टॅक्सीचालक होतो, कोणी हवालदार, कोणी कर्जात बुडालेला गॅरेजवाला. कोणी आवडत्या कादंबरीतले पात्र घेऊन अनोळखी लोकांबरोबर महिनोन्महिने नवी कथा लिहीत राहते. महाराष्ट्रातली मुलेमुलीही यात आहेत, आणि रात्री जेवणे आटोपली की ती या जगात शिरतात. पण या हौसेच्या दारात आज जी झडती घेतली जाते, तिच्याकडे वेळीच लक्ष दिले नाही तर ज्यांच्यासाठी हा खेळ आहे तेच बाहेर राहतील. आत शिरणारेही नको ती किंमत मोजून शिरतील.

अर्जात काय विचारतात ते पाहावे. जीटीए फाइव्ह असा एकत्र खेळण्यासाठीच्या फाइव्हएम या व्यासपीठावर चालणाऱ्या अनेक रोलप्ले, म्हणजे भूमिका खेळण्याच्या, सर्व्हरांवर ‘व्हाइटलिस्ट’मध्ये, म्हणजे मंजूर खेळाडूंच्या यादीत, नाव लागल्याशिवाय खेळता येत नाही. त्यासाठी वय, रोज किती तास खेळणार, आधी कुठे खेळलात, तिथून काढून टाकले होते का, हे सांगायचे. मग मेटागेमिंग (पात्राला ठाऊक नसलेली माहिती वापरणे) आणि पॉवरगेमिंग (समोरच्याला वाव न ठेवता आपलेच खरे करणे) म्हणजे काय ते उदाहरणांसह लिहायचे. कोणी पिस्तूल रोखले तर तुमचे पात्र काय करील, याचे उत्तर द्यायचे. वर पात्राची बॅकस्टोरी, म्हणजे पूर्वकथा, तीही पुष्कळदा ‘किमान इतके शब्द’ अशा अटीने. काही ठिकाणी त्यापुढे आवाजी मुलाखत. ड्रीमविड्थ या ब्लॉगच्या संकेतस्थळावर लिहून खेळल्या जाणाऱ्या अनेक गेममध्ये पात्राचा इतिहास, स्वभाव आणि क्षमता मांडायच्या, मूळ कथेतल्या नेमक्या कोणत्या क्षणातून ते पात्र उचलले तेही सांगायचे आणि लेखनाचे नमुने जोडायचे. अर्ज घेण्याची मुदत थोड्या दिवसांची. ती हुकली की पुढच्या फेरीची वाट पाहायची.

हा दरवाजा रास्त कारणांसाठीच लागला, हे मान्य केले पाहिजे. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि नंतर रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा अक्षरांचा खेळ घडवला, तेव्हा नाव आणि परवलीचा शब्द दिला की माणूस त्या जगात शिरत असे. पुढे हजारो अनोळखी लोक एका जागी येऊ लागले. त्यांत केवळ दुसऱ्याचा खेळ मोडण्यासाठी येणारेही आले. वाटेतल्या कोणालाही कारणाशिवाय गाडीखाली चिरडायचे, बाहेर वाचलेली माहिती पात्राच्या तोंडी घालायची, हरायची वेळ आली की नियम वाकवायचे, असे दोघेचौघे पुरे असतात. चाळीस जणांची संध्याकाळ वाया जाते. शिवाय जीटीए फाइव्ह हा प्रौढांसाठीचा गेम आहे आणि अल्पवयीनांना तिथून दूर ठेवणे ही चालवणाऱ्यांची जबाबदारीच आहे. अर्ज तपासण्याचे हे काम करणारे मॉडरेटर बहुतेक बिनपगारी असतात. त्यांच्या कष्टांविषयी आम्हाला आदर आहे. म्हणूनच त्यांच्या हातून नकळत काय घडते आहे ते स्पष्ट सांगणे गरजेचे वाटते.

पहिला धोका भाषेचा. भारतातल्या बऱ्याच सर्व्हरांवर बोलणे हिंदीत चालते, अर्ज मात्र इंग्रजीत भरावा लागतो. परभणीचा किंवा सावंतवाडीचा मुलगा माइकवर पोलीस ठाण्यातला प्रसंग असा रंगवील की समोरच्याने ऐकत राहावे. पण इंग्रजीतली लांबलचक बॅकस्टोरी त्याला दारातच अडवते. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून त्यावर संशयाची भर पडली आहे. अर्ज यंत्राकडून लिहून घेतला असेल म्हणून तो ‘एआय’ ओळखणाऱ्या साधनातून तपासायचा, आणि साधन बोट दाखवील त्याला नाकारायचे. ही साधने किती विश्वासार्ह आहेत? ओपनएआयने स्वतःचे असे साधन २०२३च्या जुलैत कमी अचूकतेचे कारण देऊन बंद केले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध अशा सात साधनांना दिले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. साधी वाक्ये आणि मोजका शब्दसंग्रह, हाच तिथे पुरावा झाला. आपल्या मुलांचे इंग्रजी बहुधा असेच असते. प्रामाणिकपणे, अडखळत लिहिणाऱ्याला लबाड ठरवणारी चाळणी कोणत्याही समुदायाने वापरू नये.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे, तो खासगी माहितीचा. वय खरे आहे ना, हे पाहण्यासाठी कुठे ओळखपत्राचा फोटो मागितला जातो, कुठे इतर खात्यांची नावे. हा फोटो कोणाकडे जातो, किती दिवस राहतो, मॉडरेटर बदलला की त्याचे काय होते, हे अर्जदाराला कोणी सांगत नाही. गप्पांचे ॲप चालवणाऱ्या डिस्कॉर्डसारख्या मोठ्या कंपनीलाही २०२५च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर करावे लागले, की ग्राहकसेवा पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीमार्फत झालेल्या माहितीचोरीत सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे उघडी पडली असावीत. वयाच्या पडताळणीसाठीच ती दिली गेली होती. जे एवढ्या मोठ्या कंपनीला सांभाळता आले नाही, ते कुणाच्या तरी घरच्या लॅपटॉपवर सुरक्षित राहील असे मानणे धोक्याचे आहे. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे सूत्र असे, की संमतीने घ्यायची माहितीही कामापुरतीच घ्यावी, आणि १८ वर्षांखालील मुलाची माहिती पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीशिवाय हाताळू नये. एखादा छोटा सर्व्हर त्या कायद्याच्या कक्षेत येतो की नाही, हा वकिलांचा प्रश्न असेल. ते सूत्र पाळण्यासाठी वकिलाची गरज नाही.

तिसरा धोका नकाराच्या पद्धतीचा. चार रात्री जागून लिहिलेल्या अर्जाला ‘नामंजूर’ एवढेच उत्तर येते, किंवा उत्तरच येत नाही. सतरा-अठरा-वीस या वयात आपण लिहिलेले कोणीतरी वाचावे ही आस मोठी असते. कारण न कळता नाकारले जाणे त्या वयात थेट स्वतःवर घेतले जाते, आणि पुष्कळजण पुन्हा लिहायला धजत नाहीत.

मुळात या लांब अर्जातून हवे ते कळते का? भूमिका खेळणे म्हणजे समोरच्याचे ऐकून त्या क्षणी उत्तर देणे. तमाशातल्या बतावणीचा सोंगाड्या लेखी परीक्षेने कळत नाही. त्याला समोरच्याशी बोलताना पाहावे लागते. नियमांच्या व्याख्या कुठूनही उतरवता येतात. खेळ मोडायला येणाराही त्या उतरवतो, आणि तो भीडभाड न ठेवता दहा अर्ज करतो. गळतो तो संकोची, सरळ माणूस.

उपाय या समुदायांनीच शोधलेला आहे. ड्रीमविड्थवरच्या अनेक गेममध्ये प्रवेशाआधी ‘टेस्ट ड्राइव्ह’ असते. कोणीही यावे, आपले पात्र घेऊन जुन्या खेळाडूंबरोबर एखादा प्रसंग खेळावा; आवडले तर तोच प्रसंग अर्जात नमुना म्हणून जोडावा. ही रीत सर्वत्र यावी. अर्जात पाच-सहाच प्रश्न असावेत, आणि ज्याच्या उत्तराने निर्णय बदलत नाही तो प्रश्न काढून टाकावा. उत्तर मराठीत, हिंदीत किंवा आवाजात देण्याची मुभा असावी. नव्याला आठवडाभर तात्पुरता प्रवेश देऊन एखाद्या जुन्या खेळाडूच्या सोबतीने खेळू द्यावे. नकार दिला तर दोन ओळींचे कारण द्यावे आणि पुन्हा कधी अर्ज करता येईल ते सांगावे. ओळखपत्र मागूच नये.

अर्जदारांनाही काही सांगायचे आहे. आधी नियमावली पूर्ण वाचा, कारण निम्म्या प्रश्नांची उत्तरे तिथेच असतात. व्याख्या पाठ करून लिहू नका. ‘माझ्या पात्राला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून मी असे वागेन’ असा एक छोटा प्रसंग लिहा. पिस्तूल रोखल्याच्या प्रश्नात तुमच्या पात्राला जिवाची भीती आहे की नाही, हेच तपासले जाते. त्याला भिऊ द्या. बॅकस्टोरीत अजिंक्य वीर उभा करू नका. ज्याला काहीतरी हवे आहे, कशाची तरी धास्ती आहे आणि दुसऱ्याच्या मदतीवाचून ज्याचे चालत नाही, असे पात्र जाणत्या मॉडरेटरला चटकन भावते, कारण त्याच्यासोबत इतरांनाही खेळायला जागा मिळते. इंग्रजी कच्चे असेल तर अर्जात तसे मोकळेपणाने लिहा. उत्तरांची प्रत जवळ ठेवा. आधार कार्ड, घरचा पत्ता, शाळा-कॉलेजचे नाव, आजारपणाची माहिती कोणालाही देऊ नका. त्यावाचून प्रवेश मिळत नसेल तर तो सर्व्हर सोडा. आणि नकार आला तर तो त्या कागदाला आलेला आहे, तुम्हाला नाही.

पालकांनी ‘गेमच तर आहे’ म्हणून याकडे दुर्लक्ष करू नये. मुलगा कोणता अर्ज भरतो आहे, त्यात काय मागितले आहे, हे त्याच्या शेजारी बसून, न रागावता पाहावे. सर्व्हर चालवणाऱ्यांनी तर आज रात्रीच आपला अर्ज उघडावा, प्रत्येक प्रश्नापुढे तो कशासाठी विचारला ते लिहावे आणि ज्याचे कारण लिहिता येत नाही तो खोडावा. साठवून ठेवलेली ओळखपत्रे त्याच बैठकीत पुसून टाकावीत. एखादी गळती होऊन कुणाच्या मुलीचा फोटो आणि पत्ता भलत्याच्या हाती पडल्यावर केलेली सुधारणा तिच्या काही कामाची नसेल.